‘ध’ चा ‘मा’ : पुरावा कुठे आहे?

१/ कागदात लबाडीने फेरफार करणे याला मराठीत एक हुकमी वाक्प्रचार आहे : ‘ध’ चा ‘मा’ करणे. त्यामागची गोष्ट शाळकरी मुलांनाही पाठ असते. रघुनाथरावांनी गारद्यांना ‘नारायणरावांस धरावे’ असा हुकूम दिला, आनंदीबाईंनी त्यातील ‘धरावे’चे ‘मारावे’ केले आणि शनिवारवाड्यात पेशव्यांचा खून झाला. या आरोपावर कोणत्याही न्यायाधीशाने आनंदीबाईंना दोषी ठरवलेले नाही. तरीही अडीचशे वर्षे त्या शिक्षा भोगत आहेत, कारण मराठी भाषेनेच ती सुनावली आहे. या धाग्यात एकच प्रश्न विचारायचा आहे : पुरावा कुठे आहे? हा प्रश्न अठराव्या शतकापुरता नाही. तो आजच्या फाशीच्या कोठडीपर्यंत जातो. कसा, ते पुढे पाहू.

२/ आधी निर्विवाद भाग. थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी वारले आणि धाकटे बंधू नारायणराव पेशवे झाले. वय अवघे सतरा. चुलते रघुनाथराव शनिवारवाड्यातच नजरकैदेत होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, सुमेरसिंग गारदी आणि त्याचे साथीदार वाड्यात घुसले. थकलेल्या पगाराची तक्रार हे निमित्त होते. नारायणराव जीव वाचवण्यासाठी चुलत्याच्या दालनाकडे धावले आणि तिथेच मारले गेले. त्यानंतर पेशवाईची वस्त्रे रघुनाथरावांना मिळाली. इथपर्यंत फारसा वाद नाही.

३/ यानंतर येतात रामशास्त्री प्रभुणे, साताऱ्याजवळच्या माहुलीचे, पेशव्यांच्या दरबारातील न्यायाधीश. त्यांनी खुनाची चौकशी केली आणि दोष ठेवला तो प्रत्यक्ष सत्ताधाऱ्यावर, रघुनाथरावांवर. या पातकाला देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही असे त्यांनी सांगितले आणि पुणे सोडले, अशी परंपरा आहे. प्रभातच्या १९४४ सालच्या ‘रामशास्त्री’ चित्रपटाने हा प्रसंग घराघरात पोहोचवला. आज ‘रामशास्त्री बाणा’ म्हणजे कठोर शिक्षा असे आपण समजतो. त्या शिक्षेच्या आधी चौकशी झाली होती, हे मात्र आपल्या स्मरणातून निसटले आहे.

४/ आता नीट पाहा. या खुनाची चौकशी करणाऱ्या न्यायाधीशाने बोट दाखवले पतीकडे. लोकस्मृतीने ते वळवले पत्नीकडे. न्यायाधीशाचा निर्णय एक आणि गावगप्पेचा निर्णय दुसरा. आपण रामशास्त्र्यांची आरती ओवाळतो आणि निकाल मात्र गावगप्पेचा मानतो. इतिहासप्रेमी म्हणवून घेणाऱ्याला ही विसंगती टोचली पाहिजे.

५/ मग अक्षर बदलल्याची हकीकत येते कुठून? तिला सर्वाधिक वजन दिले कॅप्टन जेम्स ग्रँट डफ याच्या १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासाने. त्याच्या वृत्तांताचा आशय असा : रघुनाथरावांनी रामशास्त्र्यांपुढे कबूल केले की आपण नारायणरावांना पकडण्याचा लेखी हुकूम दिला होता, मारण्याचा नव्हे. मूळ कागद पुढे रामशास्त्र्यांच्या हाती आला, तेव्हा ‘धरावे’ हा शब्द बदलून ‘मारावे’ केल्याचे आढळले. आणि हा बदल आनंदीबाईंनी केला, असे सर्वत्र मानले जाते.

६/ या वृत्तांतातील शेवटचे विधान पुन्हा वाचा. ‘सर्वत्र मानले जाते.’ ते विधान कोणत्याही साक्षीदाराच्या तोंडी नाही, आणि त्याच्या पाठीशी हस्ताक्षराची तुलना किंवा कबुलीजबाबही नाही. एक परकीय अधिकारी, घटनेनंतर ५३ वर्षांनी, लोकसमजूत नोंदवतो आहे. ग्रँट डफचा जन्म १७८९ चा. रामशास्त्र्यांचे निधनही १७८९ सालीच झाले. म्हणजे ज्यांच्या हाती तो कागद आला असे सांगितले जाते, त्यांना हा लेखक भेटणे शक्यच नव्हते. त्याने ऐकले ते ऐकणाऱ्यांकडून ऐकलेले. न्यायालयाच्या भाषेत याला ऐकीव पुरावा म्हणतात, आणि ऐकीव पुरावा दाराशीच अडवला जातो.

७/ ग्रँट डफला खलनायक ठरवण्याचा येथे हेतू नाही. उलट त्याने प्रामाणिकपणे ‘मानले जाते’ असे लिहिले. तो शब्द गाळला आपण. कॅप्टन डेव्हिड केपेन याने त्या ग्रंथाचे मराठीत ‘मराठ्यांची बखर’ हे भाषांतर केले आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यावर वाढल्या. पुढे नाटके आली, कादंबऱ्या आल्या, चित्रपट आले. प्रत्येक टप्प्यावर ‘मानले जाते’ थोडे थोडे झिजत गेले आणि अखेरीस ‘केले’ एवढेच उरले. समजुतीचे वस्तुस्थितीत झालेले हे रूपांतर हाच खरा ‘ध’ चा ‘मा’, आणि तो कोणा एका स्त्रीने केलेला नाही.

८/ त्याच ग्रँट डफच्या ग्रंथावर १८६७-६८ च्या सुमारास एका तरुण विद्यार्थ्याने सडेतोड टीका लिहिली, याची येथे आठवण ठेवावी. नीळकंठ जनार्दन कीर्तने त्याचे नाव. साधने कोणती, ती कुणी पाहिली, कुठे ठेवली, असे प्रश्न विचारत त्याने मान्यवर ग्रंथाला आव्हान दिले. मराठी इतिहासलेखनाची आधुनिक परंपरा अशा प्रश्नांतून उभी राहिली. ती आपल्या वयाच्या मुलांनी सुरू केली होती. आज आपण त्याच वयात तीस सेकंदांच्या चित्रफितीवर निकाल देत असू, तर वारसा कोणता सांगणार?

९/ आता कागदाकडे वळू. तो मूळ कागद आज अभ्यासकांसमोर नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडी कागदांचा प्रचंड साठा आहे, गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातून निवडलेले कागद ४५ खंडांत संपादित केले. अजून कितीतरी रुमाल सुटायचे आहेत. समजा, उद्या तो हुकूम सापडला. समजा, ‘ध’ खोडून ‘मा’ केल्याचे भिंगाखाली स्पष्ट दिसले. मग आनंदीबाई दोषी ठरतील का? नाही. इथेच बहुतेकांची गल्लत होते.

१०/ कारण प्रश्न एक नाही, तीन आहेत. अक्षर बदलले गेले का? कुणी बदलले? आणि केव्हा बदलले? पहिल्याचे उत्तर मिळाले तरी उरलेली दोन आपोआप मिळत नाहीत. हुकूम रघुनाथरावांच्या दालनातून गारद्यांच्या हाती गेला, तिथून पुढे किती हातांतून फिरला? प्रत्येक हात संशयित आहे. गारद्यांना ‘मारावे’ असा हुकूम दाखवण्यात स्वतःचा बचाव दिसू शकतो, कारण मग ते केवळ हुकमाचे ताबेदार ठरतात. आणि बदल खुनानंतर झाला असेल तर? मग तो खुनाचे कारण उरत नाही. कुणाला तरी वाचवण्यासाठी रचलेला तो पुरावा ठरतो.

११/ वाचवण्यासाठी कुणाला? ही गोष्ट कुणाच्या पथ्यावर पडते ते पाहा. ती खरी मानली की रघुनाथराव खुनी राहत नाहीत. फार तर पुतण्याला कैद करू पाहणारा महत्त्वाकांक्षी काका उरतो. सारे पाप पत्नीच्या पदरात पडते. म्हणजे आरोपीच्या बचावाचे विधानच पुढे दुसऱ्यावरील आरोपपत्र झाले. एका आरोपीने ‘मी एवढेच म्हटले होते, बाकीचे दुसऱ्याने केले’ असे सांगावे आणि आपण ते जसेच्या तसे मान्य करावे, हे कोणत्या न्यायशास्त्रात बसते? सहआरोपीचे सोयीस्कर कथन ही पुराव्याच्या उतरंडीतील सर्वांत तळाची वस्तू आहे.

१२/ ‘पण त्या काळी पुराव्याचे एवढे कायदे होतेच कुठे?’ हा आक्षेप हमखास येतो. तो चुकीचा आहे. याज्ञवल्क्य स्मृतीत प्रमाणांचा क्रम सांगितला आहे : लिखित, भुक्ती म्हणजे प्रत्यक्ष उपभोग, आणि साक्षी. यांपैकी काहीच नसेल तरच दिव्य. रामशास्त्री याच धर्मशास्त्रात मुरलेले पंडित होते. मराठेशाहीत वतनाच्या तंट्यांत उभय पक्षांच्या तकरिरी लिहून घेत, साक्षी घेत, गोताच्या साक्षीने महजर करीत. म्हणजे लेखी पुरावा मागणे हे काही इंग्रजांनी आणलेले फॅड नव्हे. आनंदीबाईंच्या बाबतीत त्या काळच्या कसोटीनेही लिखित समोर नाही आणि साक्षही नाही.

१३/ दिव्याविषयी थोडे. कढत तुपातून धातूचा तुकडा काढायचा, मग हात पिशवीत घालून मोहोर लावायची आणि ठरल्या दिवशी पंचांसमोर पिशवी उघडायची. हाताला इजा झाली तर खोटा, न झाली तर खरा. आज आपल्याला हे हास्यास्पद वाटते. पण दिव्यामागचा विचार काय होता? सत्य आरोपीच्या देहात दडले आहे आणि त्याला चटका दिला की ते बाहेर येते. हा विचार अजून गेलेला नाही. एखादा गुन्हा गाजला की ‘नार्को करा’, ‘आमच्या ताब्यात द्या’, ‘दोन फटक्यांत बोलेल’ अशा प्रतिक्रियांचा पाऊस पडतो. तुपाची कढई बदलली, विचार तोच राहिला.

१४/ त्या विचाराविरुद्ध कायद्याने फार सावकाश भिंत उभी केली. १८५५ साली मद्रास इलाख्यातील छळाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने जे उघड केले, त्यातून स्थानिक अंमलदार महसूल आणि कबुली या दोन्हींसाठी माणसांना कसे पिळतात ते जगापुढे आले. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात कलम २५ ने पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरण्यास मनाई केली. आज भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये तोच नियम आहे. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने सक्तीची नार्को चाचणी घटनेच्या अनुच्छेद २० (३) शी विसंगत ठरवली. ही मनाई गुन्हेगारांवरील मायेपोटी आलेली नाही. वेदनेतून निघालेले वाक्य खरे की खोटे हे ठरवता येत नाही, या अनुभवातून ती आली आहे.

१५/ आता अडीचशे वर्षांची उडी घेऊ, पण नाशिकच्याच परिसरात. पतीच्या निधनानंतर आनंदीबाईंनी अखेरचे दिवस नाशिकजवळच्या आनंदवल्लीत काढले आणि १७९४ मध्ये त्या वारल्या. त्याच नाशिक जिल्ह्यात २००३ साली शेतातील एका झोपडीवर रात्री दरोडा पडला, पाच जणांचे खून झाले, अत्याचार झाले. प्रकरण इतके भीषण होते की ऐकणाऱ्याचे रक्त तापावे. सहा जणांना अटक झाली. सहाही जण भटक्या जमातीतील, मोलमजुरी करणारे. त्यांच्याविषयीही काहीतरी ‘सर्वत्र मानले जात’ होतेच.

१६/ सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशीच दिली. म्हणजे तीन न्यायालये दोषाबद्दल निःशंक होती. मतभेद होता तो फक्त फासाच्या दोरांच्या संख्येबद्दल. त्यांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे ठरायलाही २०१२ साल उजाडले. ५ मार्च २०१९ रोजी, पुनर्विचारानंतर, सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष मुक्त केले. सोळा वर्षे तुरुंगात गेली होती.

१७/ मुक्ततेचे कारण लक्षात घ्या. घटनेतून वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी महिलेने घटनेनंतर लगेचच पोलिसांकडील छायाचित्रांतून चार वेगळ्याच इसमांना ओळखले होते. हे चौघे कधी पकडलेच गेले नाहीत. ही ओळख न्यायालयापासून झाकून ठेवण्यात आली आणि खटला चालला तो या सहा जणांवर. तेव्हा एखादे अक्षर खोडण्याचीही गरज पडली नाही. एक कागद पुढे आणला नाही, एवढे पुरले. न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाईचा आणि चुकार अधिकाऱ्यांचा शोध घेऊन कारवाई करण्याचा आदेश दिला. सोळा वर्षांचे मोल पाच लाख कसे, हा हिशेब ज्याने त्याने करावा.

१८/ हेच सहा जण का पकडले गेले? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. हजेरी, पास, पाळत या चक्रात पिढ्या गेल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या. नोंदवहीतील शिक्का गेला, पण चौकीतील समजूत गेली नाही. चोरी झाली की आधी पालावर धाड. ‘हे लोक असेच’ हे वाक्य तिथे तपासाचे काम करते. ‘ती बाई तसलीच होती’ या वाक्याने इतिहासात जे केले, तेच.

१९/ आनंदीबाई सत्ताधारी घराण्यातील होत्या आणि हे सहा मजूर पालावरचे, हा फरक मला मान्य आहे. एकाची बदनामी झाली, दुसऱ्यांचे आयुष्य गेले. दोन्ही गोष्टी एका तराजूत तोलायच्या नाहीत. पण दोन्हीकडे विचाराची वाट एकच आहे. आधी गुन्हा भयंकर असतो. मग माणूस असा लागतो, ज्याच्यावर तो शोभून दिसेल. मग त्याच्याभोवती गोष्ट जमते. आणि गोष्टीशी न जुळणारा पुरावा कुणाला दिसेनासा होतो. महत्त्वाकांक्षी स्त्री आणि भटका माणूस, या दोन्ही भूमिका समाजाने आधीच लिहून ठेवलेल्या असतात.

२०/ पुढचा आक्षेप : ‘इतिहास म्हणजे न्यायालय नव्हे. तिथे शंभर टक्के पुरावा कसा मिळणार?’ बरोबर आहे. इतिहासकाराला ‘शक्य’, ‘संभाव्य’, ‘बहुधा’ असे शब्द वापरण्याची मुभा आहे. पण ती मुभा आहे म्हणूनच ते शब्द वापरले पाहिजेत. १९७३ साली महाराष्ट्रातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की ‘केले असू शकेल’ आणि ‘केलेच असले पाहिजे’ यांतील अंतर फार मोठे आहे. १९८४ साली, पुन्हा महाराष्ट्रातीलच खटल्यात, त्याच न्यायालयाने परिस्थितिजन्य पुराव्याच्या पाच अटी सांगितल्या आणि त्यांना ‘पंचशील’ म्हटले. सार एवढेच : साखळीतील प्रत्येक कडी सिद्ध हवी आणि आरोपीच्या निर्दोषत्वाशी जुळणारी दुसरी कोणतीही वाजवी शक्यता उरता कामा नये.

२१/ ही कसोटी आनंदीबाईंवरील आरोपाला लावून पाहा. मूळ हुकूम समोर आहे का? नाही. तो त्यांच्या हाती पडल्याचा साक्षीदार आहे का? तोही पुढे आलेला नाही. बदललेले अक्षर त्यांच्या हातचे असल्याची तुलना कुणी केली आहे का? अक्षरच समोर नाही तर तुलना कशाची करणार? दुसऱ्या वाजवी शक्यता उरतात का? निदान तीन वर सांगितल्या : गारद्यांनी केलेला बदल, नंतर कुणी तरी केलेला बदल, आणि मुळात बदलच न होता केवळ बचावासाठी रचलेली कथा. मग पाचांपैकी कोणती अट पुरी झाली?

२२/ कृपया याचा विपर्यास करू नये. आनंदीबाई निर्दोष होत्या असे मी सिद्ध केलेले नाही आणि तसा दावाही नाही. त्यांना कटाची कल्पना असू शकेल, नसूही शकेल. ‘सिद्ध झाले नाही’ आणि ‘घडले नाही’ यांत फरक आहे, आणि तो जपता येणे हीच न्यायबुद्धी. आपली अडचण अशी की ‘आपल्याला माहीत नाही’ हे वाक्य आपल्याला बेचव लागते. त्याला टाळ्या पडत नाहीत, ते पुढे पाठवले जात नाही. पण न्यायाधीशाला आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला ते म्हणता आले नाही, तर दोघांनीही दुसरे काम शोधावे.

२३/ शेवटचा आणि सर्वांत भावनिक आक्षेप : ‘आरोपीची एवढी काळजी, बळी पडलेल्यांचे काय?’ नाशिकचेच उत्तर घ्या. सहा निरपराध तुरुंगात होते, तेव्हा खरे गुन्हेगार कुठे होते? त्या प्रत्यक्षदर्शी महिलेने दाखवलेले चेहरे बाजूला सारले गेले. तिच्या साक्षीचा अपमान आरोपींच्या वकिलांनी नव्हे, तपासाने केला. चुकीच्या माणसाला झालेली शिक्षा ही बळी पडलेल्यांची दुसऱ्यांदा केलेली फसवणूक असते. नारायणरावांच्या बाबतीतही तेच. ‘ध’ चा ‘मा’ एवढ्यावर समाधान मानून आपण खरे प्रश्न सोडून दिले. गारद्यांना कुणी फितवले, कट कुणाकुणाला ठाऊक होता, दरवाजे कुणी मोकळे ठेवले, हे प्रश्न त्या एका अक्षराखाली गाडले गेले.

२४/ म्हणून इतिहासावर प्रेम करणाऱ्या प्रत्येक मित्र-मैत्रिणीला एक विनंती. पुढच्या वेळी एखाद्या गाजलेल्या गुन्ह्यावर ‘रामशास्त्री हवेत’ असे लिहावेसे वाटले, तर हेही आठवा की रामशास्त्र्यांनी आधी चौकशी केली होती आणि बोट दाखवले ते गादीवर बसलेल्याकडे. पालावरच्या माणसाला पोलीस ठाण्यात कबूल करायला लावण्यासाठी त्यांचे नाव वापरू नका. चकमकीत मारलेल्या आरोपीचा पुरावा कधीच तपासला जात नाही. मग तिथे ‘धरावे’चे ‘मारावे’ कुणी केले, हे कोण विचारणार?

२५/ आणि ‘ध’ चा ‘मा’ हा वाक्प्रचार खुशाल वापरा. भाषेतून तो जाणार नाही, जाऊही नये. फक्त तो आनंदीबाईंविषयी वापरताना एवढे म्हणा : ‘असे मानले जाते, पुरावा समोर नाही.’ मोजून सहा शब्द जास्त पडतात. ज्यांच्याकडे याविरुद्ध अस्सल समकालीन कागद असेल, त्यांनी तो स्थळ-काळासह येथे जरूर मांडावा. तो कुठे मिळाला, कुणाच्या हातचा आहे, कुणाच्या ताब्यात होता, हे आपण सगळे मिळून तपासू; आणि कागद टिकला तर निष्कर्ष बदलू. धागा समाप्त.